जिमची मेंबरशिप घेताय? आधी बाहेर पडायची वाट विचारा

मशिन बंद पडलेलं, ट्रेनर मोबाइलमध्ये गुंतलेला, संध्याकाळी ट्रेडमिलसाठी रांग, अशा तक्रारी प्रत्येक जिमबद्दल असतात आणि लोक त्या सोडूनही देतात. माणूस मनापासून चिडतो तो पैशांवरून. सांगितली एक रक्कम, कापली दुसरीच. बंद करा म्हटलं तर मॅनेजर रजेवर. तीन महिने पाऊल टाकलं नाही तरी खात्यातून हप्ता बिनचूक जातोय. हे टाळता येतं, पण त्यासाठीची बरीचशी मेहनत सही करण्याआधी करावी लागते. सही झाल्यावर उरतं ते फक्त निस्तरणं.

आधी धंद्याचं गणित समजून घ्या

जिमचं भाडं, वीज, मशिनचे हप्ते, पगार हा खर्च मेंबर आले काय, न आले काय, जवळपास तेवढाच असतो. सगळे मेंबर एकाच संध्याकाळी आले तर उभं राहायलाही जागा मिळणार नाही. सगळे येणार नाहीत हे धरूनच मेंबरशिपा विकल्या जातात. यात बेकायदेशीर काही नाही, पण तुमचा आळस हा समोरच्याच्या हिशोबातला जमेचा आकडा आहे, हे लक्षात असू द्या.

स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबमधल्या सात हजारांहून जास्त मेंबरांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे मेंबर महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे एक खेप १७ डॉलरहून महाग. त्याच क्लबमध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप १० डॉलरला पडली असती. शेवटची हजेरी आणि मेंबरशिप रद्द करणं यांत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ गेलेला होता, आणि त्या काळातले पैसे निव्वळ वाया गेले.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. वर्षाचा करार केलेल्यांपेक्षा 'महिन्या-महिन्याला, कधीही सोडा' असा प्लॅन घेतलेले लोक वर्ष उलटल्यावरही मेंबर राहण्याची शक्यता १७ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण वर्षाचा करार आपोआप संपतो आणि पुढे चालू ठेवायचा तर काहीतरी करावं लागतं. महिन्याचा प्लॅन आपोआप चालू राहतो आणि थांबवायचा तर काहीतरी करावं लागतं. 'कधीही सोडा' म्हणजे 'आठवण राहिली तर सोडा'.

पहिली पायरी: ज्या वेळी जाणार, त्याच वेळी जाऊन बघा

सकाळी अकराला दाखवलेली जिम आणि संध्याकाळी सातची जिम या दोन वेगळ्या जागा असतात. एक दिवसाचा पास घ्या, स्वतःच्या वेळेला जा. किती मशिनवर 'बंद आहे'ची चिठ्ठी लावलीय ते पाहा. घाम पुसत बाहेर येणाऱ्या एखाद्या जुन्या मेंबरला दारात विचारा, 'पैसे वेळेवर आणि सांगितले तेवढेच कापतात ना?' काउंटरवरच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा हे उत्तर उपयोगी पडतं.

आतापर्यंतची तुमची व्यायामाची सवय काय आहे, तेही खरंखरं आठवा. पुढे काय करणार ते नको, मागे काय केलं तेच धरा. आठवड्याला एकदाही नीट जमत नसेल तर खेपांचा पास किंवा तीन महिन्यांचा प्लॅन दिसायला महाग असला तरी शेवटी स्वस्त पडतो.

दुसरी पायरी: वर्षाची एकूण रक्कम स्वतःच्या हाताने काढा

जाहिरातीतला आकडा हा मोठ्या अक्षरातला एकच आकडा असतो. बाकीचे आकडे एकेक करून पुढे येतात: नोंदणी शुल्क, वार्षिक देखभाल शुल्क, प्रवेश कार्डाचे पैसे, लॉकर, टॉवेल, ग्रुप क्लासचे वेगळे, दुसऱ्या शाखेत जायचं तर वेगळे, आणि वर कर. वार्षिक देखभाल शुल्क हे यातलं सगळ्यात लबाड. ते सही करताना घेत नाहीत; दोन-तीन महिन्यांनी एकदम कापलं जातं, तोवर ते कागदावर होतं हे तुम्ही विसरलेले असता.

चलन कुठलंही असो, महिन्याचं शुल्क १०० धरून एक हिशोब मांडू. 'महिना फक्त १००' असं लिहिलंय, पण करारात पैसे 'दर चार आठवड्यांनी' कापायचे म्हटलंय. वर्षात महिने बारा, पण चार आठवड्यांचे हप्ते तेरा. म्हणजे १,३००. नोंदणी १५०, वार्षिक देखभाल १००, कार्ड ३०. झाले १,५८०. त्यावर १० टक्के कर धरला तर १५८. एकूण १,७३८. बाराने भागा, महिना पडला सुमारे १४५. जाहिरातीपेक्षा ४५ टक्के जास्त, आणि तरीही कोणी एकही आकडा खोटा सांगितलेला नाही.

आता याच रकमेला खेपांनी भागा. आठवड्यातून दोनदा गेलात तर वर्षाच्या १०४ खेपा, खेपेला साधारण १७. उत्साह ओसरून वर्षात ४० खेपा झाल्या तर खेपेला ४३. हा आकडा एक दिवसाच्या पासाशेजारी ठेवा आणि मग ठरवा.

'पहिला महिना फुकट' असेल तर एक प्रश्न विचाराच: लॉक-इन (म्हणजे करार सोडता न येण्याचा काळ) बारा महिन्यांचा की तेरा? बऱ्याचदा फुकटचा महिना मोजणीत धरत नाहीत, आणि तुम्ही महिनाभर जास्त बांधले जाता.

तिसरी पायरी: काउंटरवर सही करू नका, माहिती घ्या

समोरचा माणूस बहुधा चांगलाच असतो. त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, इतकंच. बोलणं साधारण असं होतं:

'सर, नोंदणी शुल्क माफ आहे, पण फक्त आजच्या दिवस. उद्या सिस्टिममध्ये ऑफर दिसणार नाही.'

'ठीक आहे. कराराची प्रत आणि सगळ्या शुल्कांची यादी ई-मेल करा. घरी वाचून उद्या येतो.'

'ते सही झाल्यावर आपोआप येतं सर.'

'मग कोरा नमुना द्या. सही न करता वाचायला.'

इथे दोनच गोष्टी होतात. एक तर नमुना मिळतो, किंवा टाळाटाळ सुरू होते. टाळाटाळ झाली तर तिथून उठा. पैसे घेण्याआधी कागद दाखवत नाहीत ते पैसे परत मागताना कागद काढतील, ही आशा व्यर्थ आहे. आणि 'आज शेवटचा दिवस' असलेली ऑफर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने पुन्हा लागते. क्वचित नाही लागत. तेव्हा गेलं ते नोंदणी शुल्क, वर्षभराचा मनस्ताप नाही.

हल्ली करार टॅबवर असतो आणि बोट ठेवायची चौकट तेवढी समोर येते. टॅब हातात घ्या, वरपर्यंत सरकवा. मागे लोक ताटकळत असले तर असू देत.

तोंडी मिळालेलं कुठलंही आश्वासन, 'कधीही बंद करता येईल', 'गावाला गेलात तर दिवस वाढवून देऊ', 'दर वाढणार नाही', तिथल्या तिथे त्यांच्याच नंबरवर मेसेज करून पक्कं करा: 'आत्ता बोलल्याप्रमाणे गैरहजेरीचे दिवस विनाशुल्क वाढवून मिळतील, बरोबर ना?' 'हो' आलं की स्क्रीनशॉट. कारण करारात हमखास एक ओळ असते: या कागदाबाहेरचं कुठलंही तोंडी बोलणं ग्राह्य धरलं जाणार नाही. मेसेजने ती ओळ पुसली जात नाही, पण पुढे भांडायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं.

चौथी पायरी: करारात काय शोधायचं

सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान बाहेर पडण्याबद्दलचं कलम आधी वाचा. ते बहुतेक वेळा शेवटच्या पानांवर असतं.

*लॉक-इन आणि आपोआप नूतनीकरण.* मुदत संपल्यावर करार संपतो की पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी सुरू होतो? समजा करार ९ जानेवारीला संपतो आणि ३० दिवसांची नोटीस लागते. म्हणजे नोटीस १० डिसेंबरच्या आत 'पोहोचलेली' हवी, नुसती 'पाठवलेली' नव्हे. सही केली त्याच दिवशी मोबाइलमध्ये २५ नोव्हेंबरची आठवण लावून टाका.

*नोटिशीचे दिवस कुठून मोजतात.* हप्ता १ तारखेला जातो आणि तुम्ही ३ तारखेला नोटीस दिलीत, तर ३० दिवसांत पुढची १ तारीख येते आणि एक हप्ता जाणारच. तो रास्त आहे. पण काही करारांत '३० दिवस पुढच्या बिलापासून मोजले जातील' असं असतं. मग त्याच नोटिशीवर दोन हप्ते जाऊ शकतात. एका ओळीचा फरक, महिन्याभराचे पैसे.

*नोटीस कशी द्यायची.* मेंबरशिप घेताना ॲपवर दोन मिनिटं आणि सोडताना 'प्रत्यक्ष हजर राहून, शाखा व्यवस्थापकासमोर', असा प्रकार असेल तर तो मुद्दाम केलेला आहे. ई-मेल चालेल अशी दुरुस्ती लिहून मागा. मिळाली तर उत्तम.

*फ्रीझ.* आजारपण, प्रवास, परीक्षा यांसाठी मेंबरशिप थांबवता येते, पण तिचे महिन्याला वेगळे पैसे असू शकतात, आणि थांबवलेले महिने लॉक-इनच्या शेवटी जोडले जातात. 'रद्द कशाला करता, फ्रीझ करून ठेवा' हा सल्ला आपुलकीचा वाटतो. त्याचा अर्थ करार लांबवणं असा असतो.

*दर वाढवायचा आणि जागा बदलायचा हक्क.* 'शुल्क, वेळा, सुविधा आणि ठिकाण बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राखीव' असं असेल आणि तसा बदल झाल्यावर तुम्हाला दंडाशिवाय सोडता येईल असं कुठेच नसेल, तर हा एकतर्फी करार आहे. पोहण्याचा तलाव बघून मेंबरशिप घेतली आणि तलाव महिनोन् महिने दुरुस्तीला, हे ज्यांच्या वाट्याला आलंय त्यांना या ओळीची किंमत कळते.

*दुखापत, आजार, स्थलांतर.* डॉक्टरांचं पत्र चालतं का? किती अंतरावर राहायला गेलो तर करार सुटतो? काहीच लिहिलेलं नसेल तर सोडवणूक नाही असंच समजा.

पाचवी पायरी: पैसे भरण्याची पद्धत विचारपूर्वक निवडा

दोन-तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरून मोठी सूट घेणं म्हणजे जिमला बिनव्याजी कर्ज देणं. जिम बंद पडली की तिच्याकडून ज्यांचं येणं आहे त्यांच्या रांगेत तुम्ही शेवटचे. अजून न उघडलेल्या जिमचं 'प्री-लाँच' पॅकेज तर घेऊच नका. उद्घाटन लांबत जातं आणि तुमची मुदत मात्र कधीकधी पैसे भरल्याच्या तारखेपासून मोजलेली असते.

हप्त्यांत भरायचं असेल तर हप्ता कोणाला जातोय ते विचारा. जिमला, की मध्ये एखादी कर्ज देणारी कंपनी आहे? कंपनी असेल तर तुम्ही मेंबरशिपबरोबर कर्जही घेताय. जिमने शटर ओढलं तरी ईएमआय चालूच राहू शकतो, आणि थकवला तर तुमची पत खराब होते. 'बिनव्याजी हप्ते' या शब्दांखाली हे सहज दडतं.

ऑटो-डेबिट द्यायचं असेल तर कमाल मर्यादा आणि शेवटची तारीख घाला, जिथे तशी सोय आहे तिथे. कार्डाने भरलेल्या पैशांवर निदान बँकेकडे आक्षेप घेता येतो. रोख रक्कम फक्त पक्क्या पावतीवर. आणि पावतीवर 'मेंबरशिप' एवढंच नको, कुठून कुठपर्यंत, कशाकशाचे, हे हवं.

पर्सनल ट्रेनिंगचं वेगळं प्रकरण

पहिल्या आठवड्यात 'मोफत फिटनेस तपासणी' होते. तुम्हाला एका मशिनवर उभं करतात, चरबी-स्नायूंचा छापील कागद निघतो, त्यातले लाल रंगातले आकडे दाखवून चेहरा गंभीर केला जातो, आणि मग पीटी पॅकेज. अशा मशिनवरचे आकडे तुम्ही किती पाणी प्यायलात, कधी जेवलात यावरही हलतात. त्या कागदाच्या धसक्याने काही विकत घेऊ नका.

घ्यायचंच असेल तर आठ-दहा सेशनपासून सुरुवात करा. सेशन किती दिवसांत संपवायची, ट्रेनर सोडून गेला तर उरलेल्यांचं काय, तुम्ही आदल्या दिवशी कळवून गैरहजर राहिलात तर सेशन कापलं जातं का, हे लिहून घ्या. आणि पीटीचा करार मेंबरशिपपेक्षा वेगळा असू शकतो. मेंबरशिप रद्द केली तरी पीटीचे हप्ते चालू राहिल्याच्या तक्रारी यातूनच येतात.

सहावी पायरी: सोडताना

हजेरी बंद करणं म्हणजे मेंबरशिप बंद करणं नव्हे. बँकेत जाऊन डेबिट थांबवणं म्हणजेसुद्धा नव्हे. करार जिवंत असताना नुसता हप्ता अडवलात तर थकबाकी साठते, विलंब शुल्क चढतं आणि एक दिवस वसुलीवाल्याचा फोन येतो. क्रम असा ठेवा: आधी लेखी नोटीस, मग पोच, मग नोटिशीची मुदत संपल्यावर डेबिटची परवानगी काढून घेणं.

नोटीस छोटी हवी. कारणांची कहाणी लिहिलीत की प्रत्येक कारणावर 'उपाय' सुचवणारे फोन सुरू होतात. एवढं पुरे:

'माझी मेंबरशिप (क्रमांक …) करारातील कलम … नुसार रद्द करावी. ही नोटीस आज दि. … रोजी देत आहे. नोटिशीची मुदत दि. … रोजी संपते. त्यानंतर माझ्या खात्यातून कोणतीही रक्कम घेऊ नये. ऑटो-डेबिटची परवानगी त्या तारखेपासून मागे घेत आहे. पीटी, लॉकर आणि इतर सर्व सेवाही त्याच तारखेपासून बंद कराव्यात. रद्द केल्याचे व कोणतीही थकबाकी नसल्याचे पत्र सात दिवसांत ई-मेलने पाठवावे.'

करारात सांगितलेल्या मार्गाने पाठवा आणि शिवाय ई-मेलनेही पाठवा. प्रत्यक्षच द्यावी लागली तर दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव. 'मॅनेजर नाहीत, उद्या या' म्हणाले तर काउंटरवरूनच ई-मेल करा: 'आज अमुक वाजता नोटीस द्यायला आलो, स्वीकारली नाही.' वेळ नोंदली गेली की पुष्कळदा मॅनेजर सापडतात.

फोनवर कोणी 'झालं सर, केलं बंद' म्हटलं तर त्याला किंमत नाही. पोच लेखी हवी.

ऐकलं नाही तर

पहिल्यांदा मुख्य कार्यालयाला लिहा, शाखेला नव्हे. तारखांचा क्रम, रकमा, स्क्रीनशॉट जोडा, नेमकी किती रक्कम परत हवी ते सांगा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. शिवीगाळ, वाईट रेटिंग देण्याची धमकी वगैरे नको. हेच पत्र उद्या दुसरं कोणी वाचणार आहे असं धरून लिहा. दाद मिळाली नाही तर बँकेकडे नोटिशीनंतर कापलेल्या रकमेवर आक्षेप घ्या, आणि मग ग्राहक यंत्रणेकडे जा.

कायदा देशागणिक बदलतो, पण तो ग्राहकाच्या बाजूने किती जाऊ शकतो याची कल्पना यावी म्हणून काही उदाहरणं. जिमचे करार हाताळणाऱ्या एका कंपनीच्या खटल्यात ब्रिटनच्या हायकोर्टाने २०११ साली, बारा महिन्यांहून जास्त काळ बांधून ठेवणाऱ्या तिच्या अटी अन्यायकारक ठरवल्या. सामान्य ग्राहक आपण जिमला किती जाऊ याचा अंदाज नेहमी जास्तच करतो आणि हा धंदा त्याच भोळेपणावर बेतलेला आहे, असा कोर्टाचा सूर होता. जर्मनीत मार्च २०२२ पासून केलेल्या करारांत, मुदत संपल्यावर करार पुढे चालू राहिला तर एक महिन्याच्या नोटिशीवर तो सोडता येतो. जुलै २०२२ पासून तिथे असे करार ऑनलाइन विकणाऱ्यांना वेबसाइटवर रद्द करण्याचं बटण ठेवणं सक्तीचं झालं. न्यूयॉर्क राज्यात जिमचा करार तीन दिवसांत विनाअट रद्द करता येतो. २५ मैलांपलीकडे राहायला गेलात किंवा डॉक्टरांनी सहा महिन्यांहून जास्त काळ व्यायाम बंद सांगितला तरी सुटका आहे. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातल्या तेरा प्रकारांत टप्प्याटप्प्याने किंमत उघड करणं, सबस्क्रिप्शनचा सापळा आणि खोटी घाई हे तिन्ही आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्यायकारक करार' ही स्वतंत्र व्याख्याच आहे, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

मात्र नियम जाहीर झाला म्हणजे लागू झालाच असं समजू नका. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'जितक्या सहज घेतलं तितक्याच सहज रद्द' असा नियम केला होता. लागू व्हायच्या तोंडावर, जुलै २०२५ मध्ये, अपील कोर्टाने तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर रद्द केला. म्हणून तक्रारीत कायद्याचा हवाला देण्याआधी तो आज चालू आहे का ते तपासा.

रद्द झाल्यावरही पुढचे तीन हप्त्यांचे दिवस खातं बघत राहा. बँकेच्या ॲपमध्ये चालू परवानग्यांची यादी असते, तिथून जिमचं नाव गेलंय का पाहा. बोटाचा ठसा किंवा फोटो दिला असेल तर तो काढून टाकल्याचं लेखी मागा. वसुलीवाल्याचा फोन आलाच तर घाबरून 'थोडे भरतो' म्हणू नका. ते कबुलीसारखं धरलं जाऊ शकतं. थकबाकीचा तपशील आणि कराराची प्रत लेखी मागवा, आणि उत्तरात थकबाकी नसल्याचं ते पत्र जोडून पाठवा.